नवव्या पायरीचं पाणी

गल्लीत तिला सगळे इंचबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, पाठीमागेही म्हणायचे, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर बसलेल्या बाईला दुसरं काय नाव पडणार? शाळेचे गणवेश, दुकानदारांचे शर्ट, दवाखान्याचे पडदे, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. नवा माणूस समोर आला की ती आधी त्याचे खांदे बघायची, चेहरा नंतर. "तुमचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय," असं तिने एका बँकेच्या साहेबाला सरळ सांगितलं होतं. साहेब पुढचे आठ दिवस आरशासमोर तिरके उभे राहत होते म्हणे.

तिचा नवरा लग्नानंतर सहा वर्षांतच गेला. मूलबाळ नाही. तेव्हापासून तिचं जे काही होतं ते समोरच्या दारात होतं. मध्ये फरशी घातलेलं अंगण, अंगणात विहीर, आणि विहिरीपलीकडे धाकट्या बहिणीचं घर. बहिणीचं खरं नाव फक्त कागदोपत्री; ही तिला चिमणी म्हणायची, पन्नाशी उलटली तरी चिमणीच. चिमणीची आणि तिच्या नवऱ्याची लाँड्री होती. म्हणजे एक बहीण कपडे शिवायची, दुसरी धुवायची, आणि दोघी मिळून गल्लीतल्या कपड्यांविषयी आणि ते घालणाऱ्यांविषयी जे बोलायच्या ते त्या माणसांच्या कानावर गेलं नाही तेच बरं. दुपारी चार वाजता विहिरीच्या कठड्यावर चहा ठरलेला. एकीच्या मांडीवर बटणं लावायचा शर्ट, दुसरीचे हात पाण्याने सुरकुतलेले. अशी वीस वर्षं गेली, आणि त्या वीस वर्षांत यापेक्षा जास्त काही हवं असं दोघींपैकी कोणालाही वाटलं नाही.

मग लाँड्रीचा धंदा वाढला आणि विहीर पुरेना. चिमणीच्या नवऱ्याने अंगणाच्या कोपऱ्यात बोअर मारलं. त्याचं बघून बर्फाच्या कारखानदाराने मारलं, छापखान्याने मारलं, आणि मग ज्याला काही गरज नव्हती त्यानेही मारलं, कारण शेजाऱ्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही हे सहन करणं माणसाला जमत नाही. चार वर्षांत विहीर इतकी खाली गेली की एका सकाळी इंचबाईची बादली तळाच्या दगडावर जाऊन खण्णकन आपटली.

इंचबाईच्या जिभेला एरवीही हाड नव्हतं. त्या सकाळी तर तिने अंगण डोक्यावर घेतलं. "तुझ्या त्या मोटरीने माझी विहीर प्यायली! या विहिरीत पहिल्यासारखं पाणी दिसेल ना, तेव्हाच मला तोंड दाखव!"

चिमणीही त्याच आईची लेक. "दाखवीन की! तोवर बस तू कठड्यावर मोजत!"

सहा महिन्यांत ते बोअरही आटलं, लाँड्री बंद झाली, आणि चिमणी नवऱ्यासकट मुलाकडे राहायला गेली, आगगाडीने अठरा तास दूर. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा इंचबाई यंत्रावर बसून होती. दोरा तीनदा तुटला, तीनदा ओवला, पण ती उठली नाही. टेम्पो गेल्यावर दारात आली तर समोर कुलूप. हे अकरा वर्षांपूर्वीचं.

त्यानंतर दोन वर्षांनी भूजल खात्यातली एक तरुण बाई गल्लीत आली. पाठीला पिशवी, हातात हातोडी. आली ती सरळ टेकाडाकडे गेली आणि दिसेल त्या दगडाला ठोकत सुटली. संध्याकाळपर्यंत तिचं नाव दगडबाई पडलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने शाळेच्या व्हरांड्यात बैठक घेतली. लोकांना वाटलं, आता ही भाषण ठोकणार. तिने उलट लोकांनाच विचारलं, "विहिरीला पूर्वी पाणी कुठपर्यंत असायचं?"

निवृत्त पोस्टमनकाका म्हणाले, "आतून दगडी पायऱ्या आहेत बघा. पावसाळा सरला की नववी पायरी पाण्याखाली असायची. माझ्या लहानपणी ती कधी कोरडी बघितली नाही मी."

दगडबाईने कठड्यावर लाल रंगाची खूण केली, तिथून टेप सोडली, आणि नवव्या पायरीपर्यंतचं अंतर भरलं बरोबर सहा मीटर. तिने वहीत लिहिलं: सहा. इंचबाई मागे उभी राहून बघत होती. पहिल्यासारखं म्हणजे नेमकं किती, हे तिला त्या दिवशी कळलं. रागाच्या भरात बोललेल्या शब्दाला आता आकडा चिकटला होता.

"दर सोमवारी कोणीतरी पाण्याची पातळी मोजायला हवी," दगडबाई म्हणाली. "मी महिन्यातून एकदा येणार. मोजायचं तुमच्यापैकीच कोणीतरी."

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. मापाचं काम आणि इंचबाई सोडून दुसरं कोण करणार?

काम सोपं होतं. पोलादी टेपच्या शेवटच्या हातभर भागाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, वरचा पूर्ण मीटरचा आकडा लाल खुणेवर धरायचा, मग वर ओढून बघायचं की खडू कुठपर्यंत भिजलाय. भिजलेला भाग वजा केला की उरलेलं अंतर म्हणजे पाणी किती खाली आहे ते. आकडा कमी तितकं पाणी वर. खात्याने दिलेला खडू तिने पहिल्याच दिवशी नापास केला आणि स्वतःचा कापडावर आखायचा चपटा खडू वापरला. तो चांगला चिकटायचा, आणि ओली रेघ अशी स्वच्छ उमटायची की दगडबाईने बाकीच्या सगळ्या विहिरींसाठी तोच मागवला. इंचबाई महिनाभर हवेत होती.

आकडा ती गल्लीच्या तोंडाशी फळ्यावर लिहायची. पाणी नऊ मीटरच्या खाली गेलं तर बोअर एक दिवसाआड, दहाच्या खाली गेलं तर आठवड्यातून दोनदाच, असं बैठकीत ठरलेलं होतं. त्यामुळे सोमवार आला की बर्फवाला आणि छापखानेवाला तिला पाण्यात पाहायचे. "इंचबाई, एखाद-दोन बोटं इकडेतिकडे झाली तर कोणाचं काय बिघडणार आहे?" बर्फवाल्याने एकदा गोड आवाजात विचारून पाहिलं. "तुमच्या विजारीचं बिघडेल," ती म्हणाली, आणि विषय संपला. नऊ वर्षांत तिचा एकही सोमवार चुकला नाही. तापात गेली, पाय मुरगळला तेव्हा काठी घेऊन गेली.

मोजायला लागून महिना झाला असेल, तेव्हा एका सोमवारी फोन वाजला. दोन वर्षांनी चिमणीचा आवाज.

"ताई, तू विहीर मोजतेस म्हणे. पोस्टमनकाकांनी सांगितलं."

"मोजते."

"किती आहे?"

"साडेदहा मीटर."

"आणि पहिल्यासारखं म्हणजे किती?"

"सहा."

"बरं," चिमणी म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या सोमवारी पुन्हा फोन. मग दर सोमवारी. "किती?" "दहा-वीस." "दहा-वीस? गेल्या वेळेपेक्षा बरं." कधी त्यातच एखादं वाक्य जास्तीचं यायचं: नातू बोलायला लागला, नवरा गेला, डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मेहुणा गेल्याची बातमी सुद्धा इंचबाईला नऊ-पंचेचाळीस या आकड्याच्या पाठोपाठ कळली. फोन ठेवून ती बराच वेळ समोरच्या कुलपाकडे बघत बसली. तेव्हा तिने उठून बहिणीकडे जायला हवं होतं, असं मला वाटतं, आणि तिलाही तेव्हाच वाटलं होतं. पण तोंड दाखवायची अट हिनेच घातलेली. आपण घातलेली अट आपणच कशी मोडायची? माणूस स्वतःच्या शब्दात स्वतः अडकतो तो असा. म्हणून ती विहिरीवर डोळे लावून बसली. पाणी वर आलं की कोणालाच माघार घ्यावी लागणार नव्हती.

आणि पाणी वर यायला लागलं. त्यात एकट्या दगडबाईचं श्रेय नव्हतं. तिचा नकाशा सांगत होता की पाणी जिरवायचे खड्डे शाळेच्या मैदानात घ्यावेत. गल्लीतला गवंडी म्हणाला, "बाई, तिथे खाली चिकणमाती आहे. संडासाच्या खड्ड्याने मला रडवलंय तिथे. पाणी मुरायचं नाही, नुसतं तुंबेल." दगडबाईने वाद घातला नाही. पुरुषभर खोल खणून बघितलं, तर खरोखरच चिकणमाती, लोण्यासारखी. मग दोघं मिळून हिंडले आणि जुन्या दगडखाणीच्या कडेला भेगाळलेला खडक सापडला. टेकाडावरचं पावसाचं पाणी तिकडे वळवलं. दगडबाईने नकाशावर मैदानातली खूण खोडली आणि शेजारी गवंड्याची सही घेतली. गवंडी ते अजून सांगतो.

आकडा नऊ झाला, आठ झाला, एका पावसाळ्यानंतर सात झाला. फोनवर चिमणीचा "किती?" अधीर होत गेला. इकडे इंचबाई सुद्धा टेप वर ओढताना पुटपुटायला लागली होती. समोरच्या घराची किल्ली पोस्टमनकाकांकडे होती. ती मागून घेऊन तिने एका दुपारी बहिणीचं घर झाडून काढलं, गादी उन्हात टाकली, खिडकीला नवे पडदे शिवून लावले. कोणी विचारलं तर म्हणायची, "उंदीर झालेत, म्हणून."

तीन वर्षांपूर्वी पाऊस चांगला झाला. पावसाळा सरल्यावरच्या सोमवारी गल्लीतली निम्मी माणसं कठड्याभोवती जमली. पोस्टमनकाकांनी वाकून खाली बघितलं. "इंचबाई, नववी पायरी दिसत नाही गं. बुडाली!"

"काका, डोळ्यांनी नाही मोजत, टेपने मोजतात," ती म्हणाली. टेप सोडली, ओढली, वजाबाकी केली, लिहिलं: सहा-शून्य-तीन.

"तीनच बोटं की गं," पोस्टमनकाका म्हणाले. "तीन सेंटिमीटर," तिने दुरुस्त केलं.

फोन आला. "किती?"

तिच्या मनात आलं, सहा म्हणावं. कोण बघायला आलंय? पण सहा वर्षं जिने बर्फवाल्याला बोटभर सूट दिली नाही तिने स्वतःला कशी द्यायची? "सहा-शून्य-तीन," ती म्हणाली, आणि मग थांबली. आता ही म्हणेल, तीनच ना, येते मी. पलीकडेही शांतता होती. शेवटी चिमणी म्हणाली, "बरं. मग पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी पाऊस रुसला. त्याच्या पुढच्या वर्षीही यथातथाच. आकडा सातच्या पुढेमागे हेलकावत राहिला, आणि पडदे उन्हाने विटले.

आता या वर्षाची गोष्ट. दगडबाईने विहिरीत एक यंत्र आणून सोडलं. करंगळीएवढं जाड, हातभर लांब, दर तासाला आपोआप पातळी टिपणारं. इंचबाईला ते सवत आणून बसवल्यासारखं झोंबलं. "माझं काही चुकतंय का?" "नाही हो मावशी, तुमच्या वहीमुळेच तर यंत्र मिळालं. तुमच्या आकड्यांशी त्याचे आकडे ताडून बघायचेत." इंचबाई फुगलेलीच राहिली, पण सोमवारी तिने खडू जरा जास्तच फासला.

दोन महिन्यांनी एका बुधवारी दगडबाई वही आणि यंत्राचे आकडे घेऊन कठड्यावर बसली. तिच्या कपाळाला आठी होती.

"मावशी, गंमत आहे. यंत्राचा आणि तुमचा आकडा दरवेळी पाच सेंटिमीटरने वेगळा येतो. कधी चार नाही, कधी सहा नाही. बरोबर पाच. यंत्रच बिघडलं असणार. जरा माझ्यासमोर मोजता?"

इंचबाईने मोजलं. सात मीटर लाल खुणेवर धरले, टेप वर ओढली. ओली रेघ सतरावर. "सात मधून सतरा गेले, सहा-त्र्याऐंशी," ती मोठ्याने म्हणाली. मग कानामागची पेन्सिल काढली आणि वहीत लिहिलं: सहा-अठ्ठ्याऐंशी.

दगडबाईने वहीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "मावशी, म्हणालात त्र्याऐंशी. लिहिलंत अठ्ठ्याऐंशी. हे पाच कुठून आले?"

"कुठून म्हणजे? शिलाईचे."

"कसले?"

"अगं, शिलाईचे दोन इंच. अंगाचं माप कधी वहीत लिहायचं नसतं. शिलाईला धरून कापायचं माप लिहायचं. दोन इंच म्हणजे पाच…" आणि तिथेच तिची जीभ थांबली.

सोळाव्या वर्षी उस्तादाने हातावर पट्टी मारून शिकवलेलं. छत्तीस भरलं की लिही अडतीस. ते इतकं हातात भिनलं होतं की डोकं त्यात कधी आलंच नाही. डोकं वजाबाकी करायचं आणि हात वहीत शिलाई सोडायचा. नऊ वर्षं, दर सोमवारी, विहिरीला दोन इंच शिलाई.

दगडबाई आधी खो खो हसली. मग इंचबाईचा चेहरा बघून सावरली. "मावशी, अहो काही बिघडलं नाही. उलट कमाल आहे तुमची. चूक सुद्धा कधी एका सुताने हलली नाही! सगळ्या वहीतून पाच वजा करायचे, झालं. लोकांनी दोन इंच जास्तच काळजी घेतली, फायदाच झाला की."

"झालं," इंचबाई म्हणाली. तिने वही ओढून घेतली आणि पानं उलटायला लागली. तीन वर्षांपूर्वीचं पान. सहा-शून्य-तीन. त्यातून पाच गेले. वजाबाकी करायला तिला पेन्सिल लागली नाही. पाच-अठ्ठ्याण्णव.

पायरी बुडाली होती. पोस्टमनकाका डोळ्यांनी बघून सांगत होते, आणि तिने त्यांना गप्प केलं होतं.  दगडबाई आणखी काहीतरी समजावत होती, पण ती उठली, घरात गेली आणि फोन उचलला. नऊ वर्षांत हिने पहिल्यांदा फोन लावला होता.

"ताई?" चिमणी घाबरीघुबरी झाली. "आज बुधवार. कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. चिमे, माझं माप चुकलं." आणि तिने सगळं सांगितलं, शिलाईसकट. "त्या वर्षी पाणी आलं होतं गं. दोन सेंटिमीटर वरच होतं."

 मग चिमणी म्हणाली, "त्या वर्षी मी बॅग भरून ठेवली होती. तिकीट काढलं होतं मुलाने. तू आकडा सांगितलास आणि रद्द करायला लावलं."

"तीन सेंटिमीटरसाठी? मी काय टेप घेऊन दारात उभी राहणार होते?"

"तुझं काय सांगावं! तुझा शब्द म्हणजे शब्द." चिमणी म्हणाली. "मी थांबले होते की गं फोनवर. म्हटलं, आता म्हणेल, तीनच ना, ये. तू एकदाही म्हणाली नाहीस. नऊ वर्षं नुसते आकडे सांगितलेस मला."

इंचबाई शिवणयंत्राच्या स्टुलावर खाली बसली. तीही त्याच फोनवर, त्याच शांततेत, तेच ऐकायला थांबली होती. हे आता सांगून काय उपयोग होता?

"चिमे, ये," ती म्हणाली. "आता सहा-त्र्याऐंशी आहे, पण पाणी जाऊ दे खड्ड्यात. तू ये."

"आता कशी येऊ, ताई? गेल्या वर्षी पडले. तुला सांगितलं नाही. तीन मजले आहेत इथे, मला जिना उतरवत नाही. डॉक्टरकडे सुद्धा खुर्चीत बसवून नेतात."

अंगणात दगडबाई टेप गुंडाळत होती. इंचबाईने डोळे पुसले, आणि खिडकीतूनच ओरडली, "बाई! पुढचे सोमवार तुम्ही बघा. मी गावाला चालले."

"किती सोमवार, मावशी?"

"माहीत नाही."

मग तिने वहीचं कोरं पान काढलं, पेन्सिल ओठांना लावली आणि फोन पुन्हा कानाला धरला.

"हं, सांग. पत्ता सांग तुझा."

 अकरा वर्षांत थोरल्या बहिणीने तिला कधी पत्ता विचारला नव्हता. मग ती सांगायला लागली, हळूहळू, एकेक शब्द: इमारतीचं नाव, रस्ता, समोरचं औषधांचं दुकान, तिसरा मजला, डावीकडचं दार. इंचबाईने सगळं लिहून घेतलं. पहिल्याच खेपेला नीट ऐकू आलं होतं, तरी तिने ते पुन्हा सांगायला लावलं.